मर्व्हचे डोळे आणि गाड्यांचे हॉर्न

कुरागम गावच्या फुटबॉल मैदानावर मर्व्ह टोहिल गेली एकोणीस वर्षं गोल-पंच होता, आणि त्याला दहा पावलांपलीकडचं धड दिसत नव्हतं. चष्मा होता की! उणे सहाचा, जाडजूड. गव्हाच्या कोठारावर कामाला जाताना, जेवताना, टीव्ही बघताना तो नाकावर असायचाच. पण शनिवारी पंचाचा पांढरा कोट चढवला की स्वारी चष्मा काढून खिशात टाकायची. चष्मा लावलेला पंच दिसला की पाहुणा संघ त्याची टर उडवून जीव खाणार, असं त्याचं म्हणणं. न दिसणारा पंच चालेल, चष्मेवाला नको!

मग निकाल कसा द्यायचा? कानांनी. आमच्याकडे लोक मैदानाच्या कडेला गाड्या लावून आत बसूनच सामना बघतात आणि आपला गोल झाला की हॉर्न बडवतात. आमच्या फुटबॉलमध्ये गोलाला चार खांब असतात. चेंडू मधल्या दोन खांबांमधून साफ गेला तर सहा गुण, पंचाने दोन निशाणं हलवायची. खांबाला नुसता चाटून गेला तरी एकच गुण, एकच निशाण. मर्व्ह हॉर्नचा जोर ऐकायचा आणि त्याप्रमाणे हात हलवायचा. घरच्या मैदानावर घरच्या गाड्या जास्त, हे सांगायला नकोच. कुरागम तिथे सहसा हरत नसे, आणि गाव त्याचं श्रेय खेळाडूंच्या मेहनतीला देत असे.

मर्व्हला मात्र एका गोष्टीची भारी घमेंड होती. म्हणायचा, चुकलो असेन, पण जाणूनबुजून खोटा निकाल आयुष्यात दिला नाही.

यंदा बॅलरॅटच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लेझर करता येईल, अर्ध्या तासाचं काम, चष्मा कायमचा जाईल. झालं! मर्व्हने अख्ख्या गावाला सल्ला विचारायला सुरुवात केली. खाटीक म्हणाला, त्याच्या मेव्हणीचे डोळे वर्षभर कोरडे पडले होते. पबवाली म्हणाली, तिच्या भाच्याला आता मैलभरावरून कांगारू दिसतो. सकाळी मर्व्हचा होकार असायचा, संध्याकाळी नकार. तारीख दोनदा पुढे ढकलून झाली. त्याची बायको ग्लेनिस शाळेची बस चालवायची, तिच्या संयमाला तोड नव्हती, पण तीही वैतागली.

एके दिवशी क्लबचा अध्यक्ष क्लेम हॅचर स्वतः घरी आला. डोळा म्हणजे काय दात आहे का, एक गेला तर दुसरा बसवायला, म्हणाला. निदान हा मोसम तरी होऊ दे, म्हणाला. आपली एवढी काळजी करणारा माणूस बघून मर्व्हला भरून आलं.

ग्लेनिस भांडी घासत होती. तिने मानही वळवली नाही. "त्याला तुझ्या डोळ्यांची काळजी नाही, मर्व्ह. त्याला तू आंधळाच हवायस."

क्लेमने उरलेला चहा घाईघाईने संपवला आणि गेला.

मर्व्हला ते फार लागलं. दोन दिवस तो नीट जेवला नाही. शेवटी ग्लेनिसनेच तोडगा काढला. लेझरने जे दिसणार तेच चष्म्यातूनही दिसतं, तर येत्या शनिवारी चष्मा पट्टीने डोक्याला पक्का बांधून उभा राहा आणि मग काय ते ठरव.

शनिवारी टॅलबिनशी सामना होता. शेवटचं मिनिट, कुरागम तीन गुणांनी मागे. आमच्या संघातल्या एका पोराने चेंडू लाथाडला, तो भिरभिरत आला आणि डाव्या खांबाला घासून आत गेला. मर्व्हने ते स्वच्छ पाहिलं. आणि हॉर्न सुरू झाले. एकोणीस वर्षं त्याने नुसता आवाज ऐकला होता, आज गाड्यांच्या काचांमागची तोंडं दिसली. खाटीक, पबवाली, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला क्लेम. सगळे त्याच्याकडेच बघत होते, किती मायेने बघत होते! अशी माया त्याने याआधी कधी पाहिलीच नव्हती.

मर्व्हने दोन निशाणं हलवली.

त्याला बिअर पाजायला रांग लागली. क्लेमने तर गळ्यात हात टाकला. "चष्मा शोभतो रे तुला! आता काढूच नकोस."

घरी जाताना गाडी ग्लेनिस चालवत होती. घराचं फाटक आलं. मग तिने इंजिन बंद केलं.

"खांबाला लागला होता ना?"

"हो."

"दिसलं तुला?"

"चेंडूच्या शिवणीसकट दिसलं," मर्व्ह म्हणाला. त्याला रडू येत होतं. ग्लेनिस उतरून आत गेली.

सोमवारी त्याने बॅलरॅटला फोन करून ऑपरेशन रद्द केलं. पलीकडच्या मुलीला अर्जात कारण भरायचं होतं. तिने विचारलं, भीती वाटते का, बऱ्याच जणांना वाटते.

"नाही बाई. मला नीट दिसलं की मी खोटं बोलतो, असं लिहा."

 मुलीने 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं आणि आभार मानून फोन ठेवला.