आडनावांची चाचणी

नवीन जालन्यातल्या आमच्या कॉलेजात बाहेरून एक प्रशिक्षक आले आणि त्यांनी सगळ्या प्राध्यापकांना संगणकासमोर बसवलं. पडद्यावर आडनावं आणि चांगले-वाईट शब्द झरझर येणार, आपण दोनच बटणं दाबायची. बोट कुठं अडखळतं त्यावरून मनातला छुपा पूर्वग्रह कळतो म्हणे. इतिहासाच्या सरांनी हौसेनं पहिली खुर्ची पकडली आणि हात दाखवून अवलक्षण झालं. निकाल आला: दलित आडनावांविषयी तीव्र पूर्वग्रह.

प्राचार्यांनी सरांना मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेश समितीतून काढायचं ठरवलं. सर थेट माझ्याकडं आले. मी मानसशास्त्र शिकवते, त्याच समितीत आहे, आणि बौद्ध आहे. दुपारचा डबा आम्ही वर्षानुवर्षं एकत्र खायचो.

"मॅडम, इतक्या वर्षांपासून बघून राह्यल्या ना तुम्ही मला. मी असा हाय का?"

मला राग आला, तो चाचणीचा. तिच्यावरून शास्त्रज्ञांतच जुंपली आहे. एकाच माणसाचा निकाल आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. आणि तो माणूस प्रत्यक्षात कसा वागेल, हे त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. मग एकट्यावर ठपका कसा ठेवता? हे मी प्राचार्यांना ठणकावून सांगितलं.

"म्हणजे सरांची हमी तुम्ही घेता?" त्यांनी विचारलं.

विज्ञानाचं बोलता बोलता मी माणसाच्या हमीवर येऊन पोचले होते. तरी मी म्हणाले, "घेते." सर समितीत राहिले.

सोमवारी प्राचार्यांसमोर मुलाखती झाल्या. वाटूरची एक मुलगी आईला घेऊन आली. मार्क उत्तम, उत्तरं चटचट. सर मायेनं म्हणाले, "वाटूरात घर कोण्या बाजूला हाय, माय?"

मुलीनं आईकडं पाहिलं. आई उगाच पदर सारखा करायला लागली. आमच्याकडं गावातल्या घराची बाजू सांगितली की जात वेगळी सांगावी लागत नाही.

"विहाराच्या मागं," मुलगी पुटपुटली.

"बरं, बरं. यंदा जागा कमी हायेत," म्हणत सरांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

"थांबा," मी म्हणाले. "हिची मुलाखत संपलेली नाही. आणि प्राचार्यसाहेब, माझी हमी मी मागं घेते."

सरांचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्हीच म्हणल्या ना, ती चाचणी कच्ची हाय?"

"कच्चीच आहे, सर. पण हा प्रश्न तुम्ही विचारलात."