कमळआत्याचं तोंड, आनंदीचा गळा

दिनांक १८ फेब्रुवारी २०२४. कमळ म्हात्रे यांनी धर्मा ठाकूर यांना रोख रुपये सहाशे पन्नास दिले. काम : भाचीच्या लग्नाच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटची डीव्हीडी करून देणे. ठरले होते आठशे.

पोयनाडच्या धर्माने उभी हयात लोकांची लग्नं शूट करण्यात घालवली. एखादं जोडपं पुढे वेगळं झालं, तरी "शूटिंगमध्ये खोट नव्हती" असं तो छातीठोकपणे सांगे. आता नवी पोरं ड्रोन उडवतात आणि धर्मा जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देतो.

कमळआत्या धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले ही लग्नगीतं गाऊन विधी लावणारी. जोडीला आनंदी. आनंदीने ओळ सांगायची, कमळने तीच पुन्हा उचलायची. पंचक्रोशीत आता या दोघीच उरल्या होत्या, आणि धर्माच्या मुलीची, नेत्राची हळद येत्या शनिवारी होती.

पहिली डिस्क धर्माने स्वस्तातल्या गठ्ठ्यातली घेतली आणि घाईत, सर्वांत जास्त वेगाने राइट केली. आत्याच्या जुन्या प्लेअरवर ती मध्येच अडकली. नेमकी आत्याने आ वासलेला असताना. आळीतली पोरं तिचे दात मोजत बसली. मग धर्माने बऱ्यापैकी डिस्क आणून सावकाश राइट केली. ती न अडकता चालली, आणि खरा तमाशा तिथूनच सुरू झाला.

"मेल्या, ह्यो गला माजा न्हाय!" आत्या डिस्क नाचवत दारात उभी. "तोंड माजं हलतंय न् गातेय आनंदी. मी तोंडात पान कोंबलं का मंग माजा आवाज येतो!"

"आत्या, ओठ बघ की. शब्दाला शब्द जुळलाय."

"ती भवानी गावभर सांगत फिरते, कमळ जल्मभर माज्याच गल्यानं गायली! हे नीट केल्याबिगर तुज्या पोरीच्या हलदीला मी येनार न्हाय. लाव तुजा कंप्युटर गायला!"

आत्या गेली. धर्माची बायको विनिता कांदा चिरता चिरता म्हणाली, "जगाची लग्नं नीट पार पाडलीत. घरच्याचं तेवढं वाटोळं करा."

धर्मा तणतणत संगणकापुढे बसला. जुनी टेप उतरवताना चित्राच्या काही चौकटी गळतात, आवाज मात्र पुरा येतो. म्हणून आवाज मागे पडत जातो. तो पुढे सरकवून त्याने आत्याच्या ओठांशी बसवला होता. यात चुकण्यासारखं काय होतं? आत्याचंच डोकं फिरलं असणार, असं ठरवून त्याने पुन्हा पाहायला सुरुवात केली.

पडद्यावर भाचीच्या मामाने नारळ फोडला. आवाज नाही. मामाने पाणी वाटीत धरलं, हात पुसले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. तेव्हा कुठे फाडकन आवाज आला.

धर्माने कपाळावर हात मारला. कॅमेरा होता आत्यावर आणि तिच्याआधी बाजूला गात होती आनंदी. ओळ दोघींची एकच. त्याने आनंदीची ओळ आत्याच्या ओठांवर चढवली होती, म्हणून आवाज एक ओळ कमीच पुढे सरकला होता आणि सगळं लग्न एक ओळ उशिरा ऐकू येत होतं. त्याने ओठांचा नाद सोडला, फुटणाऱ्या नारळावर आवाज बसवला आणि आत्याचा गळा आत्याच्या तोंडात परत गेला.

तिसरी डिस्क आत्याने आनंदीला समोर बसवून पाहिली. "ऐकलंस? ह्यो कुनाचा?"

"तुजाच गं बाय. म्हनून तर इतका चिरका," आनंदी म्हणाली.

शनिवारी दोघी आल्या. पहिली ओळ सुरू होण्याआधी धर्मा कॅमेऱ्यासमोर गेला आणि आवाज जुळवायला सोपं जावं म्हणून एक सणसणीत टाळी वाजवली. काशीदच्या व्याह्यांना वाटलं, ठाकुरांची ही रीतच असेल. सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला.

कमळआत्याकडून दीडशे रुपये अजून येणे आहेत.