पंखवाल्याचे सहा भाग आणि आमचे थोरले भावजी

देवळातल्या देवासमोर वाकणारी माणसं आमच्या किनाऱ्यावर हवी तेवढी आहेत, पण सिनेमातल्या माणसासमोर पाय धुऊन, टोपी काढून बसणारा माणूस एकच झाला आणि तो आमच्या घरात होता. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मी त्यांना भावजी म्हणते, पण ते मनात. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, समोरासमोर बोलायचंही नाही. मी हातभर अंतरावर वाढत उभी असले तरी ते आपल्या मुलीला सांगत, "बायो, काकीक विचार, कालवणात मीठ घालूक इसारली काय?" मग मी बायोला सांगे, "बाबांका सांग, मीठ हाडतंय." बायो मधे बसून जेवत राही. निरोप तिच्या डोक्यावरूनच जात-येत, पण तिचं नाव घेतल्याशिवाय पलीकडे पोचत नसत.

गावात सीडी प्लेअर आले त्या वर्षांतली ही गोष्ट. मासळी बरी लागली म्हणून भावजींनी मालवणहून एक प्लेअर आणला आणि त्याच्यासोबत दुकानदाराने एक सिनेमा दिला. माणसं गोरी, पण हिंदीत बोलणारी. त्यातला हिरो दिवसा कसल्याशा ऑफिसात कारकून होता आणि कुणावर संकट आलं की तोंडावर मुखवटा, पाठीवर एवढाले पंख लावून आभाळात. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. भावजींनी त्याला 'पंखवालो' म्हटलं आणि वाडीनेही तेच उचललं. वर्ष-दोन वर्षांनी त्याचा पुढचा भाग येई. असे सहा भाग आले. मी सगळे स्वयंपाकघराच्या दाराआडून बघितले. तिथून मला टीव्ही अर्धा दिसे आणि भावजी पूर्ण.

नवा भाग लावण्याआधी भावजी टीव्हीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा! आज ह्या पंखवाल्यावर जा काय संकट येयत, ता दूर कर. तेका यश दी!" आणि जमलेली पोरं-माणसं एका आवाजात म्हणत, "व्हय म्हाराजा!" माझा नवरा एकदा म्हणाला, "अरे दादा, सिनेमा कधीच तयार झालो. आता देव काय करतलो?" भावजी शांतपणे म्हणाले, "तुका म्हायती नाय ना शेवट? माकाय नाय. मगे गाऱ्हाणां घालूक काय जाता?" पुढच्या 'व्हय म्हाराजा!'त नवऱ्याचाही आवाज होता.

चौथ्या भागात पंखवाला बुडत्या बोटीतली माणसं दोन्ही काखांत धरून वर झेपावला आणि नेमकी लाइट गेली. जेवणवेळ झालेली, शेजारी उठायला लागले. भावजी दारात हात पसरून उभे. "तो थंय माणसांक घेवन वर लटाकलो आसा आणि तुमका भुको लागतत?" कोणीही हललं नाही. अंधारात सगळी वाडी श्वास रोखून बसली होती. लाइट येऊन पंखवाला किनाऱ्यावर उतरला तेव्हा भावजींनी स्वतःचे खांदे चोळले, जणू ती माणसं इतका वेळ त्यांनीच पेलली होती. अशा वेळी मला हसू यायचं आणि लगेच हसायची लाजही वाटायची. एवढ्या मनापासून मी देवळातसुद्धा कधी बसले नव्हते.

सहा भागांची त्यांनी पायरी लावली होती. टीव्हीवर सीड्यांची चळत असे, सगळ्यात चांगली वर, सगळ्यात वाईट तळाला. सगळ्यात वर तिसरा भाग, कारण त्यात पंखवाला रात्रभर लढून घरी येतो आणि ओले पंख दोरीवर सुकत घालतो. "बघलंस? आमी जाळी सुकत घालतंव तसा. कामाचो माणूस!" चौथा त्याच्या खाली. मग पहिला आणि सहावा. दुसऱ्यात तो आईने वाढलेलं ताट टाकून उडून जातो, म्हणून तो भाग बराच खाली गेला होता. "पंख आसले म्हणान काय झाला? आवशीन वाढलेला असा टाकतत?" आणि सगळ्यात तळाला पाचवा. तो म्हणजे नासका बांगडा. एकदा केर काढताना जाऊबाईंनी त्या सीड्या पहिला, दुसरा, तिसरा अशा सरळ क्रमाने लावल्या, तर भावजींनी संध्याकाळपर्यंत चहा घेतला नाही.

बायोला विजयदुर्गच्या एका घरातून मागणी आली. मुलगा बापाबरोबर बोटीवर जाणारा, कमी बोलणारा. बायोने त्याला एका जत्रेत पाहिलं होतं आणि त्यानेही हिला. स्थळ दोघांच्या मनासारखं होतं, हे मला आणि जाऊबाईंना ठाऊक होतं. बाप-लेक बघायला आले, पोहे झाले, देण्याघेण्याचं काही निघालं नाही. सगळं ठरल्यासारखंच होतं आणि तेवढ्यात पाहुण्यांची, म्हणजे मुलाच्या बापाची, नजर टीव्हीवरच्या चळतीवर गेली.

"म्हणजे तुमीव पंखवाल्याचे?" पाहुणे खुलले. भावजी तर त्यांना मिठीच मारायच्या बेतात होते. मग पाहुण्यांनी चळत नीट बघितली. "हो पाचवो तळाक कित्याक?"

"तेची जागा ती. नासको बांगडो तो."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या घरात पाचवो सगळ्यात वर आसता."

"अर्धो सिनेमा पंख मोडून जमनीर पडलेलो! तेका बघूचा काय?"

"पडलो तेवाच तो आपल्यातलो वाटलो."

"आपल्यातले आमी आसोच! तेना वर ऱ्हवाक व्हया!"

आवाज चढत गेले. जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्या मेल्यांका लगीन चेडवाचा करूचा हा काय पंखवाल्याचा?" तोवर पाहुणे उठले होते. "जेका पाचवो कळाक नाय, तेच्या घरातली सून माका नको."

"आणि जेका तिसरो कळाक नाय, तेच्या घरात माझा चेडू नांदाचा नाय!"

मुलगा खाली मान घालून चपला शोधू लागला. पाहुण्यांना परत नेणाऱ्या तळेऱ्याच्या एसटीची वेळ झाली होती. बायो रिकाम्या बशा हातात घेऊन उभी होती आणि त्या बशा एकमेकींवर वाजत होत्या. तो आवाज मला ऐकवेना. मी डोक्यावर पदर घेतला, दारातून बाहेर आले आणि म्हटलं, "भावजीनू, पाचवो तुमी पुरो बघूकच नाय."

भावजींनी उत्तर देण्यासाठी सवयीने बायोकडे बघितलं, पण बायो काही बोलण्यासारखी नव्हती.

"तो आभाळातसून खाली पडाक लागलो की तुमी उठान मागीलदारी जातास," मी म्हटलं. "सगळा आटापल्यार येतास. पाच-सा वेळा लावलास, एकदाव बसूक नाय."

भावजींनी पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "माका ता बघवत नाय गो."

पाहुण्यांनी पायातली चप्पल काढली आणि परत येऊन चटईवर बसले. "लावा," ते म्हणाले. "मी बसतंय तुमच्या वांगडा."

एसटी गेली. पंखवाला पडू लागला तेव्हा भावजी उठायला गेले, पण पाहुण्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. पुढचं भावजींनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पडलेल्या पंखवाल्याला भाजी विकणारी एक म्हातारी घरी नेते, भरवते, आणि सगळी आळी मिळून त्याचे फाटके पंख शिवते. पंख शिवताना मात्र भावजी पुढे सरकले. "टाको बारीक घाल गो, उसवतलो," असं ते त्या म्हातारीला म्हणाले आणि मग पंचा तोंडावर घेतला.

सिनेमा संपला. त्यांनी पाचव्याची सीडी उचलली, चळतीच्या माथ्यावर धरली, पुन्हा काढली आणि शेवटी टीव्हीच्या दुसऱ्या कडेला एकटी ठेवली. "हो वायलो," ते म्हणाले, "हेका नंबर नाय." पाहुण्यांनी थोडा विचार करून मान डोलावली. मग भावजींनी हाक मारली, "बायो, काकीक सांग, व्याही जेवन जातले." मी तिथेच उभी होते.

लग्न वैशाखात झालं. आता निरोप न्यायला बायो नाही, तर कालवणात मीठ कमी पडलं की भावजी भिंतीला सांगतात आणि मी भिंतीकडून ऐकते. अलीकडेच सातवा भाग आला. ज्या दिवशी बाजारात आला त्याच दिवशी ते घेऊन आले, पण वेष्टन फोडलं नाही. "गणपतीच्या चवथीक चेडू येतला," ते भिंतीला म्हणाले, "मगे लावया." वाडीतल्या सगळ्यांचा तो बघून झाला. कोणी त्यातलं काही सांगायला आला की भावजी कानांवर हात ठेवून समुद्राकडे चालू लागतात. संध्याकाळी होडी ओढून आले की सीडीवरची धूळ पंचाने पुसतात, आणि टीव्ही न लावताच थोडा वेळ त्याच्यासमोर बसतात.