मापांच्या वहीतल्या कोऱ्या ओळी

माझे धाकटे दीर शिंपी. आमच्या वसाहतीत पहिल्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं मशीन, आणि शेजारी स्टुलावर मी, काजं-बटणं करायला. तीस वर्षं झाली. तिथं ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून गिऱ्हाईक बाहेर उभं आणि भावजी आतून वाकून माप घेणार.

त्यांची एक खोड. शाळेची चड्डी शिवताना खालून चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचे. आया कुरकुरल्या, की म्हणायचे, "पोरगं वाढणार ना? त्याला थांब म्हणून सांगू?" मापांच्या वहीतही तेच. प्रत्येक घरातली माणसं लिहून झाली की खाली एक ओळ कोरी. पुढं येणाऱ्यासाठी.

मागच्या वर्षी इमारतींमागचं मैदान गाड्या लावायला सपाट करायचं निघालं. मैदानातली विहीर बुजणार होती. नळ रुसला की आम्ही सगळे त्या विहिरीवरच. पण कडेला तीन दुकानं होणार होती, आणि त्यातलं एक भावजींना कबूल झालं होतं, खिडकीवालं. मी तर मनातल्या मनात पंखासुद्धा टांगून टाकला होता.

सभेला मतदारांची यादी हवी होती. आमचे अध्यक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "घरोघरची माणसं तुमच्याच वहीत आहेत, मोठी तेवढी उतरवून द्या." भावजींनी उतरवली. सवयीनं कोऱ्या ओळीही सोडल्या आणि त्यांनाही आकडे घातले.

भर सभेत मास्तर थबकले. "पंच्याण्णव? अहो, आपण एकाहत्तर आहोत! ही चोवीस भुतं कोण?"

"भुतं नाहीत मास्तर. यायचीत अजून."

सभा खो खो हसली. मास्तरांनाही चेव आला. "मग त्यांचे वकील तुम्हीच. बोला, तुमच्या अशिलांचं काय म्हणणं आहे?"

भावजी उठले. हसण्यावारी नेतील असं मला वाटलं. पण त्यांनी यादीतल्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं.

"मला दुकान हवंय," ते म्हणाले. "गुडघे गेलेत माझे. पण शिवण चुकली तर मी उसवतो. बुजवलेली विहीर कोण उसवणार? पाणी ह्यांनाही लागेल, आणि आज ह्यांना विचारायची सोयच नाही."

"भाषण पुरे. प्रस्तावाच्या बाजूनं हात वर!"

भावजींनी उजवा हात वर केला. माझा तर केव्हाच वर होता.

"आता विरोधात."

भावजींचा डावाही वर गेला.

"हे काय आणि?"

"तो माझा. हा त्यांचा."

"माणशी एकच मत! एक हात खाली घ्या."

आता कोणी हसेना. भावजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू उजवा हात खाली घेतला. कात्रीचा.

छत्तीस विरुद्ध पस्तीस. विहीर राहिली, दुकान गेलं.

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. लटकं नव्हे, खरंच. ह्या वयात जिन्याखालचा उकाडा सोसून बघा, मग मला शिकवा.

हल्ली सभेच्या यादीत शेवटची ओळ कोरी असते. हात वर करायच्या आधी पाळीपाळीनं एकानं उठून त्या ओळीच्या वतीनं बोलायचं, असा नियम केलाय. बरेचदा लोक काहीतरी ठोकून देतात. पण ठोकून द्यायला का होईना, घटकाभर विचार करावा लागतो. ही कल्पना आपलीच, असं मास्तर सांगत फिरतात. फिरोत बापडे.

मैदानात पोरं गुडघे फाडून घेतात आणि धावत जिन्याखाली येतात. भावजी ठिगळ लावतात, दुमडलेलं कापड बोटभर सोडतात. उठताना कधी डोकं आपटलं, की मी म्हणतेच, "दुकानात आपटलं नसतं हो, भावजी."

ते डोकं चोळत म्हणतात, "वहिनी, तेवढी सुई ओवा."

मी ओवते.