तीन-चार दिवसांच्या अंतरावरची गावं

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अठ्ठावीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. कोल्हापुरात भरायचा, मुंबईच्या अलीकडं रिकामा करायचा, धुऊन घ्यायचा आणि परत फिरायचं. टँकर रिकामा करून बाहेर पडलं की एका चौकात मोठा हिरवा बोर्ड लागायचा. त्यावर एक बाण पुण्याकडं आणि एक बाण सरळ, अहमदाबादकडं. घरी आले की जेवताना कधीतरी म्हणायचे, "त्यो सरळ रस्ता एकदा बघायचा हाय मला. रिटायर झालो की जाऊ."

रिटायर झाले आणि आठ महिन्यांत दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार डायलिसिस. सकाळी सातला सेंटरवर जायचं, चार तास मशीनवर झोपायचं, घरी येऊन उरलेला दिवस अंथरुणात काढायचा. मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं. दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरून.

तीन वर्षं अशी गेली. गेल्या वर्षी जून महिन्यात पुण्याला लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, नेमकी गुरुवारी. आम्ही गेलो नाही. मशीनवरून उठल्यावर मालक बाकावर बसून चप्पल घालत होते. म्हणाले, "आपलं सगळं जग आता चार दिवसांचं झालंय बघ. त्याच्या पल्याड जाता येत न्हाय."

रागानं म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, पाऊस पडतोय म्हणावं तसं. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, त्यांचा तो सरळ रस्ता बघायला जायचंच.

मी शिवाजी पेठेत शिवणकाम करते. ब्लाउज आणि ड्रेस तर आहेतच, पण माझं मोठं काम म्हणजे तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी. डिसेंबरात हंगाम जवळ आला की घरात पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळं तारखा आपोआप ठरल्या. नवरात्र संपलं की निघायचं आणि दिवाळीनंतर दोन आठवड्यांत परत यायचं. तोवर पाऊसही सरलेला असतो. हॉटेलात राहणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांचं पथ्य वेगळं, मीठ कमी, भाजी दोनदा उकळून पाणी टाकायचं, कधीही आडवं व्हावं लागायचं. म्हणजे घरच सोबत न्यायला हवं होतं.

मी प्रथम सेंटरमधल्या सिस्टरना विचारलं. वीस वर्षं हेच काम करणारी बाई, बिद्रीकडची, बोलायला फटकळ. "वहिनी, मशीन काय कोल्हापुरातच हाय का? गावोगावी हाय," त्या म्हणाल्या. "आधी फोन करून जागा धरायची, रक्ताचे रिपोर्ट पाठवायचे. कावीळ आणि एचआयव्हीचे रिपोर्ट ताजे पाहिजेत, न्हायतर कोण हात लावणार न्हाय. आणि डॉक्टरांचं पत्र."

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती ठिकाणी डायलिसिस करावं लागेल?"

"पाच आठवडे, म्हणजे दहा."

"दहाही ठिकाणांहून होकार घेऊन या. एक जरी कमी असेल तर पत्र देणार नाही."

त्यांना वाटलं असणार की बाई तिसऱ्या फोनला दमेल. मी जर्सीच्या मापांच्या वहीत मागच्या बाजूनं एक पान उघडलं. एका बाजूला सोमवार, दुसऱ्या बाजूला गुरुवार. मग नकाशा घेऊन मालकांना शेजारी बसवलं. एरवी ते दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्या दिवशी चष्मा लावून बसले आणि बोट ठेवत गेले. "हिकडनं सापुताऱ्याचा घाट लागंल. ह्यो टप्पा तीनशे किलोमीटरच्या वर हाय, तुला एका दिवसात झेपायचा न्हाय, मधी मुक्काम कर."

"मला?" मी म्हटलं.

"मग कोण चालवणार? मला डॉक्टर देत न्हाईत. ड्रायव्हर घेतला तर त्यो झोपणार कुठं?"

मी आयुष्यात स्कूटीपलीकडं काही चालवलं नव्हतं. वय छप्पन्न. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा माणूस बरा होता, पण खरी शिकवणी घरच्या गुरूची. शेजारच्यांची जुनी गाडी मागून घेऊन आम्ही रोज सकाळी मोकळ्या मैदानावर जायचो. मालक शेजारी बसून ओरडायचे, "क्लच सोड की हळू! शिलाई मशीन हाय व्हय ते?" मी एकदा गाडी मधेच थांबवून खाली उतरले आणि म्हटलं, "ओरडायचं असेल तर रिक्षानं घरी जावा." मग आवाज उतरला. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं.

गाडी मिळाली ती एका शाळेची जुनी मिनीबस. उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं नेली. ते जन्मभर उसाच्या ट्रॉल्या आणि टेम्पोच्या बॉड्या बांधत आलेले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वहिनी, ह्यात ऊस भरायचाय का माणसं?"

"दोन माणसं, एक बिछाना, एक शेगडी, एक छोटा फ्रीज आणि एक संडास," मी सांगितलं.

"मग ऊस बरा हुता की," ते म्हणाले.

तोंडी सांगून त्यांना समजेना. मग मी जे मला येतं ते केलं. खाकी कागद आणून बिछान्याचा, ओट्याचा, कपाटाचा खऱ्या मापाचा कागद कापला आणि गाडीच्या फरशीवर टाचण्या लावतात तसा चिकटपट्टीनं बसवला. मालकांना त्या कागदावर झोपायला लावलं. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर. तो हात दबून चालत नाही. पहिल्या कागदात तो भिंतीकडं येत होता. मी बिछाना दुसऱ्या बाजूला फिरवला, ओटा पुढं आणला. मिस्त्री बघत उभे होते. म्हणाले, "असं पाहिजे हुतं व्हय? मग आता काय बोलायचं काम न्हाय." तीन आठवड्यांत त्यांनी सगळं बसवलं. आरटीओत कागद बदलून घ्यायला त्याहून जास्त दिवस लागले.

फोन मी दुपारी करायची. माझं हिंदी म्हणजे पेठेतलं हिंदी. कुणी लगेच हो म्हणायचं, कुणी तीनदा फोन करायला लावायचं, एका ठिकाणच्या बाईंनी तर "आप घूमने के लिए इतना क्यों कर रही हैं?" असं विचारलं. मी म्हटलं, "घूमने के लिए ही कर रही हूँ." ऑगस्टअखेर वहीत नाशिक, सुरत, जैसलमेर अशा नऊ नावांपुढं होकार होता. दहावं राजकोट राहिलं होतं. लेकीला मी तोवर काही सांगितलं नव्हतं, कारण तिचं उत्तर मला माहीत होतं. गणपतीला ती आली आणि दारातली गाडी बघून म्हणाली, "आई, हे काय?" सगळं ऐकून ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. जाताना मात्र म्हणाली, "एकदा जवळपास जाऊन बघा. मग ठरवा."

बरोबरच होतं. सप्टेंबरात गुरुवारचं डायलिसिस झाल्यावर शुक्रवारी सकाळी आम्ही राधानगरीला निघालो. धरणाच्या अलीकडं मालकांच्या चुलतबहिणीचं घर. तिथल्या अंगणात गाडी लावायची, गाडीतच राहायचं, गाडीतच जेवायचं आणि रविवारी परत यायचं, असा बेत.

पहिला दिवस छान गेला. शनिवारी मालक पाय मोकळे करायला म्हणून गावात गेले. तीस वर्षांचे ओळखीचे गवळी, टँकरचे जुने सोबती. प्रत्येक दारात "या पावणं, बसा की, च्या घ्या". बहिणीनंही मटण केलं होतं. मी गाडीत भाजी उकळत होते तेव्हा हे बहिणीच्या घरात बसून पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या संपवत होते. मला कुणी सांगितलं नाही.

रविवारी पहाटे ते उठून बसले. आडवं होता येईना. दोन शब्दांमागं एक श्वास. पाय सुजून पायाचे घोटे दिसत नव्हते. मी त्यांना तीन उशा लावून बसतं केलं, पट्टा बांधला आणि गाडी काढली. पाऊस नव्हता, पण धुकं होतं. पंचावन्न किलोमीटर. मालक एक शब्द ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटत होती. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, मी गाडी थांबवली, मागं घेतली, त्याला जाऊ दिलं. मैदानावर हेच मला महिनाभर जमलं नव्हतं.

सिस्टर सुट्टी असून घरून आल्या. वजन पावणेपाच किलो वाढलेलं. सगळं पाणी. मशीन सुरू झाल्यावर त्यांनी मालकांना असं झापलं की शेजारचे पेशंट चूप बसले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हे जैसलमेरला झालं असतं तर?" लेकीनं फोनवर एवढंच म्हटलं, "गाडी विका आता."

चार दिवस गाडी दारात उभी. मी जर्सीचं कापड बेतत होते. पाचव्या दिवशी मालकांनी स्वयंपाकघरातून मोजपात्र आणलं, आपल्या बाटलीवर लाल पेननं रेघा मारल्या आणि ती माझ्या शिलाई मशीनवर ठेवली.

"तू एवढं सगळं शिकलीस," म्हणाले. "गाडी शिकलीस. मला फक्त पाणी कमी प्यायचं हाय, आणि तेवढं जमलं न्हाय."

"मग काय करायचं?"

"राजकोटवाल्यास्नी फोन कर."

त्या आठवड्यापासून त्यांनी स्वतःच एक वही केली. चहाचा अर्धा कप, आमटीची पळी, गोळी घेताना घेतलेले दोन घोट, सगळं लिहायचे. तहान लागली की बर्फाचा छोटा खडा चघळायचे. सलग सहा वेळा वजन दोन किलोच्या आत आलं. राजकोटचा होकार आला. डॉक्टरांनी दोन्ही वह्या उलटून पाहिल्या आणि पत्र लिहायला घेतलं.

निघायला आठ दिवस राहिले असताना जैसलमेरहून फोन आला. तिथलं मशीन बिघडलं होतं, सुटा भाग कधी येईल ते सांगता येत नव्हतं. खरं सांगते, अहमदाबादचा रस्ता मालकांचा होता, पण वाळवंट माझं होतं. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात वाळूच्या लाटांचं एक चित्र होतं, तेव्हापासूनचं. मी कुणाला बोलले नव्हते. वहीतल्या त्या ओळीवर काट मारली आणि मालकांना सांगितलं, जैसलमेर राहू दे.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि नकाशा मागितला. "गुरुवारी जोधपूरला मशीन. शुक्रवारी जायचं, शनिवारी बघायचं, रविवारी जोधपूरला परत. सोमवारी तिथंच मशीन. राधानगरीला गेलतो तेवढंच अंतर हाय दिवसांचं."

"आणि राधानगरीला झालं तसं झालं तर? तिथं मशीन पावणेतीनशे किलोमीटर लांब."

"तवा मी रस्सा पीत हुतो. आता तीन दिवस मी बर्फ चघळीन. तू वाळू बघ."

सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी वजन करून मला पाठवायचं. दीड किलोच्या वर गेलं की लगेच मागं फिरायचं. वाळू बिळू काय बघायचं न्हाय." लेकीनं जोधपूरच्या सेंटरला मेल करून जादाचा सोमवार धरला. तिनं एवढं केलं म्हणजे ती तयार झाली, असं मी समजले.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही निघालो. नाशिक, सुरत, राजकोट, भूज, पालनपूर. सुरतेत दीड तास उशिरा मशीन मिळालं, तिथून पुढं मालकांच्या बोर्डावरचा तो अहमदाबादचा रस्ता लागला, भूजला माझी गाडी एका गल्लीत अडकली आणि चार माणसांनी ती ढकलून काढली. मालक रोज आपली वही लिहीत होते.

जैसलमेरला शनिवारी पहाटे वजन एक किलो तीनशे वाढलेलं होतं. सिस्टरनी उत्तर पाठवलं, "बघा." आम्ही उजाडता उजाडता वाळूत गेलो. मालक गाडीच्या पायरीवर ओला रुमाल मानेवर टाकून बसले आणि मी एकटी वर चढत गेले. पाय आत जात होते, घाम येत होता. वरून चित्रातल्यासारखं दिसत नव्हतं. चित्रात वाळू पिवळी होती, इथं ती गव्हाच्या रंगाची होती आणि हलत होती. मी तिथं बसले. खालून मालक हात हलवत होते, ये म्हणून नव्हे, बस म्हणून.

परतीच्या वाटेवर उदयपूरला ते मशीनवर असताना मी गाडीत भात लावला होता. सेंटरमधली एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिचा नवराही आत होता, चार वर्षं झालेली. तिनं गाडी आतून बघितली, बिछाना हातानं दाबून बघितला. मग हिंदीत विचारलं, तुम्ही इतक्या लांबून आलात कशा? तिच्या माहेरी, अजमेरला, भावाच्या मुलीचं लग्न होतं आणि सगळे म्हणत होते की यांना घेऊन जाताच येणार नाही.

मी तिला आत बसवलं. भाताखालचा गॅस बारीक केला आणि वही तिच्यासमोर ठेवली. कुठले रिपोर्ट लागतात, किती दिवस आधी फोन करायचा, पत्रात काय लिहून घ्यायचं, पाणी कसं मोजायचं. तिला मराठी समजत नव्हतं, म्हणून मी हिंदीतून वाचत गेले आणि ती तिच्या भाषेत उतरवून घेत गेली. अजमेरचं सेंटर मला माहीत नव्हतं. तिनं तिथंच बसून फोन लावला. पहिल्या नंबरवर कुणी उचललं नाही. मी म्हटलं, "दुसरा लावा."