पाण्याबरोबरचा पापड

"पाणी मिळेल का हो?" कुठल्याही दारात आमच्या नर्सबाई आधी हेच विचारायच्या. तहान असो वा नसो.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची छावणी झाली. मी तिथे शिधावाटप पाहत असे. माणशी पीठ किती, डाळ किती, सगळं तोंडपाठ. बाई दवाखान्यात होत्या. मलमपट्टी आटोपली की बराकी फिरत.

"बाई, हे फिरणं कुठल्या खात्यात धरायचं?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या कुठल्याच खात्यात बसायचं नाही ते. तुम्ही पीठ मोजा."

दारोदार पाणी मागायची सवय त्यांना एका चुकीतून लागली. सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने तो पुढे केला. बाई आपल्या रीतीप्रमाणे म्हणाल्या, "नको नको, आत्ताच जेवून आले." म्हातारी पापड हातात धरून उभी राहिली आणि रडू लागली.

"घरदार गेलं त्यांचं," बाई मला म्हणाल्या. "पाहुण्याला विचारणं तेवढं उरलं होतं. त्यालाही मी नको म्हटलं."

त्या म्हातारीची सून बोलतच नसे. दंगलीत नवरा डोळ्यांदेखत मारला गेला, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलेली. डॉक्टर म्हणाले, वेड्यांच्या इस्पितळात पाठवू. बाई म्हणाल्या, "थोडं थांबा साहेब. मी पाहुणी म्हणून जाऊन बघते."

रोज जाऊन त्या तिच्याजवळ बसत. झाल्यागेल्याबद्दल एक अक्षर नाही. फक्त, "पाणी मिळेल का गं?" सासू उठू लागली की तिला खुणेने बसवत. पाणी काही येत नसे. मग तशाच उन्हातून माझ्या कोठारात येऊन माठातलं पाणी घटाघटा पीत.

"आज काय?" मी विचारी.

"आज तिनं पेल्याकडे बघितलं." हे त्या पगारवाढ झाल्यासारखं सांगत.

एका दुपारी आल्या त्या माठाकडे गेल्याच नाहीत. पदराने ओठ पुसत म्हणाल्या, "पार करपवला होता हो पापड. सगळा खाल्ला. तर वर विचारते कशी, 'और दूँ?'"

इस्पितळाचं पुन्हा कोणी काढलं नाही.

पुढे बाईंची बदली झाली. दुसऱ्या दिवशी सून कोठाराच्या दारात आली. एका हातात पेला, दुसऱ्यात पापड.

"बाई?"

"बदली हो गई," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. मी तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "पानी मिलेगा?"

पापड छान भाजला होता.