कळसूबाईवरचा सत्कार

आमच्या शाळेत कोणाचा सत्कार असला की शाल आणि नारळ आणायला मलाच पाठवायचे. कोणी निवृत्त होवो, कोणाची मुलगी डॉक्टर होवो, नाहीतर कोणी पाहुणा नुसता चहा प्यायला येवो. चोवीस वर्षं हेच. "बाईंची निवड चांगली असते" म्हणायचे आणि पिशवी हातात द्यायचे. श्रीगोंद्याच्या पेठेतला शालवाला मला लांबून बघूनच विचारायचा, "आज कोणाचा नंबर?"

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी जी शाल आणली ती मी स्वतःसाठी निवडली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझी फार दया यायला नको. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची, माझ्या अंगावर बरी दिसेल अशी. दुकानातल्या आरशापुढे मी ती खांद्यावर टाकूनही पाहिली.

आमचे हेडसर निवृत्त होत होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. दुसऱ्या नंबरावर संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा, माझ्यानंतर नऊ वर्षांनी नोकरीला लागलेला. नियम साधा आहे. ज्येष्ठ असेल त्याला मुख्याध्यापकाची जागा मिळते, आणि त्याला ती नको असेल तर तसं त्याने लेखी द्यावं लागतं. मी कशाला देऊ लेखी? बी.एड. झाल्यापासून या एका खुर्चीसाठी मी सहावी क ते दहावी अ सगळे वर्ग ओढले होते.

मग अध्यक्षांनी स्टाफची मीटिंग घेतली आणि जाहीर केलं की सुट्टीत आपण सगळे तीन दिवसांच्या ट्रेकला जाणार. पहिल्या दिवशी हरिश्चंद्रगड, दुसऱ्या दिवशी डोंगरातून रतनवाडी, आणि तिसऱ्या दिवशी कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपण अजून पाहिलं नाही, ही शरमेची गोष्ट आहे, असं ते म्हणाले. "नव्या मुख्याध्यापकाचं नाव मी शिखरावरच जाहीर करणार. शाळा वर न्यायची तर माणसात दम पाहिजे." हे म्हणताना त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

मला ते आव्हान वाटलं. वर पोचलीस तर खुर्ची तुझी, असा मी त्याचा अर्थ लावला. आयुष्यभर परीक्षा दिल्या आणि घेतल्या, त्यामुळे कोणी काहीही बोललं की मला त्यात प्रश्नपत्रिकाच दिसते. एकावन्न वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी महिनाभर तयारी केली. पहाटे उठून कुकडी कालव्याच्या रस्त्याने चार किलोमीटर जाऊन परत यायचं. ऊस भरून कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टरवाले थांबून विचारायचे, "बाई, सोडू का पुढं?" एक माजी विद्यार्थी तर उतरून पाया पडला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारू लागला. नवरा रात्री गुडघ्याला तेल चोळून द्यायचा आणि पुटपुटायचा, "नियमात जागा तुझी आहे, तर डोंगर कशाला चढतेस?" मला त्याचा राग यायचा. आज वाटतं, घरात एक तरी शहाणं माणूस होतं.

आम्ही बारा जण निघालो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईला टेम्पोतून उतरलो तर आम्हाला नेणारी वाटाडी म्हणून एक बाई उभी. चाळिशीची, काटक, लुगड्याचा काष्टा मारलेला, पायात प्लास्टिकचे बूट. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाप्या माणूस नाही का कोणी?"

"हाय ना," ती म्हणाली. "माझा मालक हाय. त्यो तुमच्यासाठी पिठलं करतोय."

शिपाईमामा खोकल्याचं निमित्त करून मागे वळले. मला ती बाई तिथेच आवडली.

तिचा एकच नियम होता. तिच्या पुढे कोणी जायचं नाही. अध्यक्षांना कोणाच्या मागे चालायची सवय नाही. निम्म्या चढावर ते भराभर पुढे गेले आणि डावीकडची वाट धरून सरळ कारवीच्या झुडपांत घुसले. दहा मिनिटांनी आतून हाका आल्या. तिने जाऊन हात धरून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा शर्टाची बाही फाटली होती आणि गालावर ओरखडे होते. "साहेब," ती म्हणाली, "वाट तुमच्या संस्थेची न्हाई. मागं चालायचं." आणि अध्यक्ष मागे चालले! ज्यांच्यापुढे आमचे हेडसर खुर्चीच्या कडेला बसायचे, ते पुढे तिन्ही दिवस एका काष्टेवालीच्या मागे मुकाट चालत होते. मला आतून इतका आनंद झाला की चढ जाणवेनासा झाला.

दुसरा दिवस कठीण होता. पाचनईहून कुमशेत, तिथून कात्राबाईची खिंड चढून पलीकडे रतनवाडीला उतरायचं. कुमशेतलाच भाच्याने बूट काढले आणि झाडाखाली बसला. पोटात गोळा आला म्हणे. आदल्या रात्री पिठलं कोणी किती खाल्लं ते आम्ही पाहिलं होतं. त्याला जीपमध्ये बसवून रस्त्याने रतनवाडीला पाठवलं. जीपची धूळ बसेपर्यंत मी बघत राहिले आणि मनात म्हटलं, संपलं. याला दम नाही हे सगळ्या स्टाफने डोळ्यांनी पाहिलं.

मी ती खिंड चढले. माझा उजवा गुडघा पुरीसारखा फुगला. वाटाडीने आपल्या डोक्याचं फडकं सोडून घट्ट बांधून दिलं आणि उतारावर आडवं पाऊल टाकायला शिकवलं. "बाई, या वयाला कशापायी चाललाय येवढं?" तिने विचारलं. बाकीचे मागे होते. मी तिला सगळं सांगितलं. जागेचं, नंबराचं, भाच्याचं. शाळेत मी कोणाजवळ बोलले नव्हते, आणि तिथे एका अनोळखी बाईजवळ घडाघडा बोलत सुटले.

"मंग तुमचंच हाय की ते," ती म्हणाली. "त्यात डोंगराचं काय काम?"

मी म्हटलं, अध्यक्षांची तशी इच्छा आहे. माझी पिशवी घ्यायला तिने हात पुढे केला. मी पाण्याच्या बाटल्या दिल्या, खाऊचा डबा दिला, स्वेटर दिला. शाल दिली नाही. इस्त्री मोडेल म्हणून पातळ कागदात गुंडाळून मी ती पाठीवरच ठेवली.

तिसऱ्या दिवशी टेम्पोने कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव गाठलं. भाचा जीपमध्ये आणि गादीवर आराम करून ताजातवाना झाला होता, शीळ घालत होता. मी एकदाही बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं. लोखंडी शिड्यांवर वाटाडी माझ्या मागे राहिली. सगळ्यांनी मागे चालायचं हा नियम तिने त्या एका ठिकाणी माझ्यासाठी मोडला. "खाली बघू नका. पुढची पायरी बघा फकस्त." शेवटची शिडी संपली आणि समोर देवीचं एवढंसं देऊळ, चारी बाजूंनी नुसतं आभाळ. मी पहिली पोचले होते. बारा जणांत पहिली. मी चपला... चपला कसल्या, बूट काढले, देवीपुढे डोकं टेकलं आणि रडले. मग पुढे जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी कडेला जाऊन फणीने केस नीट केले, कुंकू लावलं, तोंड पुसून पावडरही लावली. फोटो निघणार होते ना.

अर्ध्या तासाने अध्यक्ष आले. सर्वांत शेवटी भाचा, शेवटच्या शिडीवर शिपाईमामांचा हात धरून. सगळ्यांनी दम खाल्ल्यावर अध्यक्ष उभे राहिले. "बाई, शाल काढा." मी काढली. इस्त्री मोडली नव्हती. देवळापाशी ओटी विकणाऱ्या बाईकडून स्टीलचं ताट मागून घेतलं, त्यात शाल, नारळ, थोडं कुंकू. ताट कोणाकडे द्यायचं म्हणून मी पाहत होते, तर अध्यक्ष म्हणाले, "धरा, धरा. तुम्हीच धरा."

तरीही मला कळलं नाही. म्हटलं, आधी देवीचा मान असेल.

मग त्यांनी भाषण केलं. तरुण नेतृत्व, नवा विचार, बदलता काळ. आणि भाच्याचं नाव घेतलं. माझ्या हातातल्या ताटातून त्यांनी शाल उचलली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. डाळिंबी रंग त्याला मुळीच शोभत नव्हता. टाळ्या झाल्या. माझ्या हातात ताट होतं म्हणून मी वाजवू शकले नाही, हे एक बरं झालं असं वाटेपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "या निवडीला अनुमोदन बाईंनी द्यावं. त्या सर्वांत ज्येष्ठ आहेत."

आमच्याकडे सभेची ही रीत असते. एकाने सूचना मांडायची, दुसऱ्याने उभं राहून अनुमोदन द्यायचं. शेकडो सभांत मी ते दिलं आहे. नाव पुकारलं की तोंडातून वाक्य आपोआप येतं, झोपेत विचारलं तरी येईल. ताट खाली ठेवलं आणि मी म्हणाले, "मी या सूचनेस अनुमोदन देते." वर हसलेही. मग टाळ्याही वाजवल्या. तो फोटो शाळेच्या ग्रुपवर आहे. त्यात मी सगळ्यांत जास्त खूश दिसते.

वाटाडी देवळाच्या पायरीवर बसून हे बघत होती. उतरताना तिने विचारलं, "बाई, सगळ्यांच्या आधी तुमी वर आला. मंग शाल त्यास्नी का?"

"आमच्यात तसंच असतं," मी म्हणाले.

"आन् तुमी काय बोलला न्हाई?"

मी गुडघा दुखण्याचं निमित्त केलं आणि थांबले. ती पुढे गेली. बारीपर्यंत आम्ही बोललो नाही. तिला माझा कंटाळा आला असावा, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. टेम्पोत बसताना मी तिचं फडकं परत दिलं. तिने ते झटकलं आणि डोक्याला बांधलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली. तिसऱ्या तासाला क्लार्क भाऊसाहेब स्टाफरूममध्ये कागद घेऊन आले. टाइप केलेला. मी प्रकृतीच्या कारणास्तव मुख्याध्यापकपद स्वीकारू इच्छित नाही, हा निर्णय मी स्वखुशीने घेत आहे, खाली माझं नाव आणि सहीची जागा. "एवढी सही तेवढी, बाई," ते म्हणाले. "तुमी वर अनुमोदन दिलंच हाय. नुसता कागद पुरा करायचा."

स्टाफरूममध्ये आठ जण होते. आठही जण वह्या तपासू लागले. मला कोणी धमकावलं नाही, कोणी दारात उभं राहिलं नाही. मी नाही म्हणू शकले असते. पण ज्या माणसाच्या नावाला डोंगरावर टाळ्या वाजवल्या, त्याच्याविरुद्ध आता जमिनीवर उभं राहून काय बोलायचं, ते मला सुचेना. मी कागद वाचला. दोनदा वाचला, सवयीने, वरपासून खालपर्यंत. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख दिसली. आम्ही ट्रेकला निघालो त्याच्या आदल्या दिवसाची.

"भाऊसाहेब, तारीख चुकलीय."

त्यांचा चेहरा उतरला. "व्हय की. ती तशीच ऱ्हायली."

मी लाल पेन बाजूला ठेवलं, निळं घेतलं. जुन्या तारखेवर एक सरळ रेघ मारली, वर त्या दिवसाची तारीख लिहिली. खाडाखोड केली की शेजारी सही करायची असते, ती केली. मग खाली सही केली. भाऊसाहेबांनी माझ्या पुढ्यातून कागद इतका चटकन उचलला की शाई वाळायचीही वाट पाहिली नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. सत्काराचं, अनुमोदनाचं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तारखेपाशी मात्र पेपर खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही डोंगर चढायच्या आधीच कागद तयार होता?"

"हो."

"आणि ती तारीख त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच टायपिंगमध्ये होती?"

"हो."

"अगं, मग ती तारीख तशीच का नाही राहू दिलीस? सगळं आधीच ठरलं होतं, याचा तेवढा एकच तर पुरावा होता तुझ्याकडे."

खरं सांगते, तोवर हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"चुकीच्या तारखेच्या कागदावर मी सही करत नाही," मी म्हणाले.